सीमेवरची विद्या : पदव्युत्तर अध्यापन आणि विषयांच्या वेशी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या पिढीतल्या शिक्षकाला “आपला विषय कोणता?” असे विचारले असते, तर तो क्षणभर गोंधळला असता. सकाळी तो व्याकरण शिकवी, दुपारी फळ्यावर कृष्णेचे खोरे काढून दाखवी आणि संध्याकाळी त्याच मुलांना घेऊन गावाबाहेरच्या वीरगळापाशी जाई. विषय पुष्कळ होते. पण मुले एक आणि शिक्षकही एकच असल्यामुळे ते आपसांत भांडत नसत. आपण वरच्या वर्गांत जातो तसतशा या विषयांभोवती भिंती उभ्या राहतात, आणि पदव्युत्तर वर्गात पोहोचेपर्यंत त्या इतक्या उंच होतात की शेजारच्या विभागात काय शिकवतात हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. पुष्कळदा प्राध्यापकालाही नसते.

या भिंतींमध्ये दारे पाडण्याच्या प्रयत्नाला आज ‘आंतरविद्याशाखीय अध्यापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. दर नव्या धोरणात हा शब्द असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर तो पानोपानी आहे. तरीही पदव्युत्तर वर्गात ही गोष्ट आपल्याकडे नीटशी रुजली नाही. ती का रुजली नाही, याचा विचार आज मी इतिहासाच्या आधाराने करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : विषयांची वेस ओलांडणारे संशोधक मराठी मुलखात आणि या सीमाभागात झाले, आणि ते थोर झाले, परंतु त्यांनी एकट्याने तुडवलेली वाट विद्यार्थ्यांसाठी बांधून काढणाऱ्या संस्था फार थोड्या झाल्या. संशोधन एकट्याच्या हिमतीवर होऊ शकते. अध्यापनाला मात्र घर लागते.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. सौंदत्तीचे रट्ट वेणुग्रामी, म्हणजे बेळगावी, राज्य करीत असताना चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचण याने येथे जिनालय उभारले. त्या काळचे, इ. स. १२०४ चे, कन्नड शिलालेख किल्ल्यात होते. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत राजवंशाची प्रशस्ती आहे, जैन आचार्यांचा निर्देश आहे, जमिनींची दाने आहेत, आणि व्यापाऱ्यांनी देवालयाला लावून दिलेली देणगीही आहे. आता हा दगड कोणाचा? भाषा हळेगन्नड असल्यामुळे तो कन्नड विभागाचा. राजवंशामुळे इतिहास विभागाचा. बाजार आणि करांमुळे अर्थशास्त्राचा, बस्तीच्या शिल्पामुळे कलेतिहासाचा आणि दानधर्मामुळे धर्मशास्त्राचा. कोणताही एक विभाग त्याला पुरा पडत नाही.

पुढच्या काळातही तीच अवस्था आहे. निपाणकर देसाई आणि पटवर्धन संस्थानिक यांच्या काळात या मुलखाचा कारभार मोडी लिपीतल्या मराठी कागदांवर चाले. ज्या रयतेविषयी हे कागद लिहिले गेले तिच्यातले पुष्कळ लोक मात्र घरी कन्नड बोलत. आज मराठी घेऊन एम. ए. झालेल्या विद्यार्थ्याला कन्नड शिलालेख वाचता येत नाही. कन्नड घेऊन एम. ए. झालेल्याला मोडी येत नाही. इतिहास घेऊन एम. ए. झालेल्याला बहुधा दोन्ही येत नाही. तिघेही प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेले असतात, आणि या भूमीचा इतिहास तिघांनाही अर्धाच दिसतो. येथे आंतरविद्याशाखीय अध्ययन ही चैन नाही. त्यावाचून आपले गावच आपल्याला वाचता येत नाही.

ही अडचण ओळखणारी माणसे पूर्वी होऊन गेली. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले प्रा. के. जी. कुंदणगार कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. मराठी संस्थानातील कन्नडचा हा अध्यापक वर्गाबाहेर पडून शिलालेख गोळा करीत हिंडला. उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थान यांतील कोरीव लेखांचा त्यांचा संग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर प्राचीन अवशेष मिळू लागले, तेव्हा त्यांचे महत्त्व ओळखणाऱ्यांत तेच अग्रभागी होते. रोमन जगाशी आपल्या मुलखाचा असलेला व्यापार सांगणारी पोसायडन या सागरदेवतेची कांस्यमूर्ती तेथलीच. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. साहित्याच्या अध्यापकाने दार उघडले आणि पुरातत्त्वज्ञ आत आले, असा हा प्रसंग आहे.

दुसरे नाव शं. बा. जोशी यांचे. १८९६ मध्ये याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. ते धारवाडात शाळाशिक्षक होते, हे या शाळेच्या व्यासपीठावरून मी मुद्दाम सांगतो. स्थलनामे, दैवते, जमाती, भाषा यांचा एकत्र विचार करून त्यांनी कन्नड आणि मराठी या संस्कृतींच्या मुळांचा शोध घेतला आणि दोन्ही भाषांत ग्रंथ लिहिले. त्यांची सर्वच अनुमाने आज कोणी स्वीकारणार नाही. मलाही काही धाडसी वाटतात. पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत कोणत्याही एका विभागात शिकवली जात नव्हती.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची नेमणूक गणितासाठी होती. त्यांनी आहत नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ लिहिला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पंढरीच्या देवाचा माग काढताना त्यांना मराठी संतवाङ्मय पुरले नाही. कन्नड परंपरा, दक्षिणेतली क्षेत्रे, धनगरांची दैवते आणि मूर्तिशास्त्र या सर्वांकडे त्यांना जावे लागले.

या चौघांच्या चरित्रांत एक गोष्ट समान आहे. त्यांचे जे कार्य आपण आज गौरवाने सांगतो, ते त्यांच्या नोकरीचा भाग नव्हते. कुंदणगारांची नेमणूक कन्नडसाठी, कोसंबींची गणितासाठी, शं. बा. शाळेत आणि ढेरे विद्यापीठीय विभागांच्या चौकटीबाहेर. त्यांना वाचक लाभले, पण त्यांची पद्धत दरवर्षी नव्या वीस मुलांना शिकवणारा पदव्युत्तर वर्ग त्यांच्याभोवती उभा राहिला नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या जिज्ञासूला पुन्हा आरंभापासून एकट्यानेच निघावे लागले.

असा वर्ग उभारण्याचे प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नंतरचे नगररचनाकार. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये आले, ते संस्कृतचे एम. ए. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानवशास्त्र असा प्रवास केला आणि बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली संस्कृतज्ञ तयार व्हावा आणि त्याच्या हाताखाली महाभारतातल्या माणसांकडे मानवशास्त्राच्या नजरेने पाहणारी ‘युगान्त’ची लेखिका घडावी, अशी ही परंपरा.

तथापि खरा प्रयोग झाला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. हे जुने महाविद्यालय १९३४ मध्ये सरकारने बंद केले होते. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयीन लढा दिला आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर अध्ययनाची व संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडले. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भाषाशास्त्राचे डॉ. सु. मं. कत्रे, पुरातत्त्वाचे सांकलिया, समाजशास्त्र व मानवशास्त्र पाहणाऱ्या इरावतीबाई, मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यं. शं. शेजवलकर अशी मंडळी एका आवारात काम करू लागली. गुजरातेत लांघणज येथे सांकलियांना दगडी हत्यारांबरोबर मानवी सांगाडे मिळाले. हत्यारे पुरातत्त्वाची आणि सांगाडे मानवशास्त्राचे. म्हणून सांकलिया आणि इरावतीबाई यांनी ते काम मिळून केले आणि मिळून लिहिले.

या परंपरेचे सर्वांत फलदायी रूप म्हणजे शिरूर तालुक्यातल्या इनामगावचे उत्खनन. १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत विद्यार्थी हंगामामागून हंगाम राबले. जळालेल्या धान्याचे दाणे वनस्पतिशास्त्राचा जाणकार तपासी, जनावरांची हाडे प्राणिशास्त्राचा, दफनांतले सांगाडे मानवशास्त्राचा. आणि विद्यार्थी या सर्वांची बोलणी एकाच खड्ड्याच्या काठावर ऐकत असे. १९८८ मध्ये त्याचा बृहद् अहवाल निघाला. तेथे एक गोष्ट कळते : विषय एकत्र येतात ते अभ्यासक्रमाच्या कागदावर नव्हेत, तर एखाद्या समान वस्तूपुढे. खड्ड्यात सापडलेले हाड आपण कोणत्या विद्याशाखेचे आहोत हे सांगत नाही. त्याच्यापुढे सर्वांना बसावेच लागते.

याच्याशी ताडून पाहण्यासारखे उदाहरण युरोपात आहे, आणि तेही आपल्यासारख्याच सीमेवरच्या एका शहरातले. स्ट्रासबुर्ग हे शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेले आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परत आले. तेथल्या विद्यापीठाची १९१९ मध्ये फ्रेंच विद्यापीठ म्हणून नव्याने उभारणी झाली, तेव्हा मार्क ब्लॉक आणि ल्युसियँ फेव्र हे दोन तरुण इतिहासकार तेथे रुजू झाले. त्यांच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. शनिवारी निरनिराळ्या विषयांचे अध्यापक एकत्र जमून चर्चा करीत. समाजशास्त्रज्ञ हाल्बवाक्स आणि मानसशास्त्रज्ञ ब्लाँडेल हे त्यांतलेच. या सहवासातून १९२९ मध्ये ‘आनाल’ हे नियतकालिक निघाले आणि भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांना इतिहासाच्या घरात जागा मिळाली. दोन राष्ट्रांनी ज्यावर हक्क सांगितला, त्या गावात विषयांच्या सीमा मोकळ्या झाल्या. सीमा हे दुखणे असते हे आपण जाणतोच. पण ती पाहण्याची एक जागाही असते.

आपल्या सीमेवर ही जागा कोणी ओळखलीच नाही काय? ओळखली, पण दुरून आलेल्यांनी. सांगलीजवळच्या कुपवाड गावात कन्नड, मराठी आणि उर्दू या भाषा पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदत आल्या. अमेरिकेतले जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावाच्या बोलींचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. शब्द निरनिराळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी एकसारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे, असे त्यांना आढळले. भाषाशास्त्राला मानवशास्त्राची जोड असल्यावाचून हे दिसले नसते, कारण कोण कोणाशी घरात, शेतात आणि बाजारात कोणती भाषा बोलतो यावर सारे अवलंबून होते. हा निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत वाचला जातो. आपल्या मराठी आणि कन्नड विभागांत तो किती वर्षे वाचला गेला, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

आता मी माझी एक चूक सांगतो. कारण इतरांच्या संस्थांचे दोष काढून आपण बाजूला राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८० नंतरच्या दशकात निपाणी भागातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे संशोधनासाठी आली. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीतल्या बाया तंबाखू चाळताना आणि निवडताना जी गाणी म्हणतात, त्यांवर तिला प्रबंध लिहायचा होता. तिच्या टिपणवहीत गाण्याशेजारी त्या दिवशीची मजुरी लिहिलेली होती, खोकल्याची नोंद होती, कोणती बाई कन्नड बोलते आणि मराठीत गाते हेही होते. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनावर निपाणीत गोळीबार झाला होता. त्या दिवसांच्या आठवणीही त्या वहीत होत्या. मी ती वही वाचली आणि म्हणालो, “बाई, हे अर्थशास्त्रात जाईल, हे समाजशास्त्रात जाईल. आपल्या मंडळाला चालेल असे तेवढे ठेवा.” ती म्हणाली, “सर, मग गाणी कशाची आहेत तेच कळणार नाही.”

तरी तिने माझे ऐकले. शिष्य गुरूचे ऐकतो. प्रबंध लोकगीतांच्या वाङ्मयीन स्वरूपावर झाला, संमत झाला, तिला पदवी मिळाली. वृत्त, प्रतिमा, ध्रुवपद यांची प्रकरणे नेटकी आहेत. मजुरीचा आणि खोकल्याचा उल्लेख कोठेही नाही. पुढे १९८९ मध्ये छाया दातार यांचा निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचताना, जे माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत होते आणि मी काढायला लावले होते, त्याची किंमत मला कळली. मंडळाने तिला अडवले नव्हते. मंडळ अडवील या भीतीने मीच अडवले होते.

या अनुभवावरून मला अडचणींची जी फोड करावीशी वाटते, ती अशी. पहिली अडचण नेमणुकीची. जागा एका विषयाची असते, जाहिरात एका विषयाची असते, आणि पात्रता परीक्षाही एका विषयाची असते. दोन विषयांत घडलेला तरुण दोन्ही दारांवर परका ठरतो. दुसरी अडचण परीक्षेची. दोन विभागांनी मिळून शिकवलेल्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे कोणी तपासायची, आणि तो तास कोणाच्या कार्यभारात धरायचा, हे ठरत नाही. म्हणून तो तासच रद्द होतो. तिसरी अडचण भाषेची, आणि सीमाभागात ती सर्वांत मोठी. शेजाऱ्याची लिपी शिकणे हे येथे विद्येचे साधन न राहता निष्ठेचा प्रश्न होऊन बसते.

चौथी अडचण धोरणांची. निपाणीला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणी गाव कर्नाटकात. मुले रोज राज्याची सीमा ओलांडून तासाला जातात. कर्नाटकाने नवे धोरण २०२१ मध्ये स्वीकारले आणि २०२४ मध्ये पदवीचा जुना तीन वर्षांचा क्रम परत आणला. महाराष्ट्राने त्याच सुमारास नवी रचना लागू केली. एकाच घरातली दोन भावंडे दोन रचनांत शिकत असतील, तर त्यांचा पदव्युत्तर वर्गात मेळ कसा घालायचा?

एक आक्षेप मात्र मी अडचण म्हणून झटकून टाकणार नाही, कारण तो खरा आहे. अनेक विषय थोडेथोडे शिकवले तर कोणताच धड येत नाही, असे जुने अध्यापक म्हणत, आणि ते चूक नव्हते. कोसंबींचे संख्याशास्त्र कच्चे असते तर त्यांच्या नाण्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता. सांकलिया आणि इरावतीबाई एकत्र बसल्या त्या आपापल्या विषयात पक्क्या होत्या म्हणून. आज वैकल्पिक विषयांच्या नावाखाली जी भेळ होते, ती या परंपरेतली नव्हे. स्वतःच्या घराचा पाया भरल्यावाचून शेजाऱ्याकडे पाडलेले दार भिंतच खाली आणते.

मग करावे काय? मोठ्या योजनांवर माझा भरवसा नाही. २०१० मध्ये बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. कोल्हापूरला १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. या दोहोंमधले अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. मराठी, कन्नड आणि इतिहास या तीन विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षातून एक समान वस्तू द्यावी : एक शिलालेख, एक मोडी दप्तर, एक वखार. तिच्यापुढे तीन अध्यापकांनी एकाच वेळी, एकाच वर्गात बसावे, आणि तो तास तिघांच्याही कार्यभारात पूर्ण धरावा. मराठीच्या विद्यार्थ्याला कन्नड लिपी आणि कन्नडच्या विद्यार्थ्याला मोडी वाचता येणे हे सक्तीचे असावे. भाषेवर प्रभुत्व नको, वाचता येणे पुरे. पीएच. डी. साठी दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत दिलेली आहे. ती मार्गदर्शकांनी भीती सोडून वापरावी. माझ्या विद्यार्थिनीला एवढेच हवे होते.

आणि शेवटी शाळेविषयी. या गोष्टीची सुरुवात विद्यापीठात होत नाही. मुलांना वीरगळापाशी नेणाऱ्या शिक्षकापासून होते. ज्यांच्या स्मृतीस आपण आज वंदन करतो, त्यांनी विषय वेगळे ठेवले नाहीत, कारण त्यांच्यापुढे विषय नसून मुले होती. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज महाविद्यालयांत शिकवतात, त्यांना माझी विनंती आहे. पुढे कधी एखादा विद्यार्थी गाण्याशेजारी मजुरी लिहिलेली वही घेऊन तुमच्याकडे आला, तर ती वही मिटू नका. शेजारच्या विभागाचे दार ठोठवा आणि त्याला बरोबर घेऊन आत जा.